व्यसनावर संशोधन करणारी माणसं घडतात कशी?

अमेरिकेत २०२२ या एका वर्षात ड्रग्जच्या ओव्हरडोसने १ लाख ७ हजारांपेक्षा जास्त माणसं गेली. असा आकडा वाचला की आपल्या मनात पहिला प्रश्न येतो तो औषधाचा, म्हणजे यावर अजून गोळी का नाही निघाली, लस का नाही निघाली वगैरे. पण त्याच्या आधीचा एक प्रश्न आहे जो फारसा कुणी विचारत नाही, की हे संशोधन करणार कोण, आणि तो किंवा ती जी कोणी असेल ती तयार कशी होते? कॉलेज संपवून एखादी मुलगी लॅबमध्ये पाय ठेवते तिथपासून ते स्वतःच्या नावावर पहिली मोठी ग्रँट मिळेपर्यंत तिथे सहज पंधरा-वीस वर्षं जातात, आणि एवढ्या काळात तिने नेमकं काय शिकायचं, पगार कोण देणार, चुकलं तर सांगणार कोण, हे जर कुणी नीट ठरवलं नाही तर ती वाटेत दुसरीकडे निघून जाते आणि तिच्यासोबत तिचा प्रश्नही जातो.

मला हा विषय महत्त्वाचा वाटतो कारण व्यसन ही गोष्ट एका खात्यात बसत नाही. मेंदूतल्या डोपामिन नावाच्या रसायनापासून सुरू होतं ते घरातल्या भांडणापर्यंत, गुत्त्याच्या परवान्यापर्यंत, पोलीस केसपर्यंत जातं. कॅन्सरच्या पेशीवर काम करणाऱ्याला पेशंटच्या घरी काय चाललंय हे माहीत नसलं तरी बऱ्यापैकी काम होतं. इथे तसं चालत नाही, इथे प्रश्न माणसांत बसून सुचतो, तो तपासायला लॅब किंवा नीट आखलेली ट्रायल लागते, आणि दोन्हीकडे वेळ द्यायला कुणीतरी पैसे मोजावे लागतात. हे तिन्ही एका माणसाच्या वाट्याला यावं यासाठी जी काय व्यवस्था आहे तिला ट्रेनिंग म्हणायचं.

आधी लॅबमधलं बघू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहेत. उंदराला कोकेन किंवा हेरॉईन द्यायचं म्हणजे इंजेक्शन टोचायचं असं नसतं. उंदराच्या मानेतल्या शिरेत एक बारीक नळी बसवतात, तिचं दुसरं टोक पाठीवर बाहेर काढतात, आणि त्याला एका छोट्या पेटीत ठेवतात जिथे दांडा दाबला की पंपातून ठरलेला डोस शिरेत जातो. म्हणजे घ्यायचं की नाही हे उंदीर ठरवतो. मग पुढच्या टप्प्यात दर डोसला जास्त जास्त वेळा दांडा दाबायला लावतात, एकदा, मग दोनदा, मग चारदा, असं वाढवत नेतात आणि उंदीर कुठल्या आकड्याला नाद सोडतो ते बघतात, तो आकडा म्हणजे त्याला ती गोष्ट किती हवी आहे याचं माप.

ऐकायला सोपं आहे ना, पण ती नळी रोज साफ करावी लागते, त्यातून सलाइन आणि रक्त गोठू न देणारं हेपॅरिन सोडावं लागतं, रविवार असो की दिवाळी. आणि एवढं करूनही नळी चोंदू शकते. आता चोंदली तर काय होतं बघा. उंदीर दांडा दाबतो, मशीन टक करतं, कॉम्प्युटरमध्ये नोंद होते, पण ड्रग शिरेत जातच नाही, मग दोन दिवसांत उंदीर दांडा दाबणं कमी करतो. त्याच आठवड्यात जर विद्यार्थ्याने एखादं नवीन औषध देऊन बघितलं असेल तर तो आनंदाने लिहून मोकळा होणार की औषध लागू पडलं! खरं कारण चोंदलेली नळी. म्हणून अनुभवी लॅबमध्ये पहिल्यांदा हे शिकवतात की नळीतून झटकन गुंगी आणणाऱ्या औषधाचा छोटासा डोस सोडायचा, उंदीर काही सेकंदांत सैल पडला तर नळी चालू आहे, नाही पडला तर त्या उंदराचा डेटा बाजूला. ही गोष्ट पुस्तकात एका ओळीत असते, तिची किंमत मात्र शेजारी उभं राहून कुणीतरी दाखवल्याशिवाय कळत नाही. ट्रेनिंगचा मोठा भाग हा असा असतो, आपल्याला हवं ते उत्तर आलं की आधी नळी तपासायची.

आणि नवख्यांना फक्त हमाली असते असंही नाही. बाल्टिमोरमध्ये नायडाची स्वतःची लॅब आहे (नायडा म्हणजे अमेरिकन सरकारची ड्रग्जच्या व्यसनावर संशोधन करणारी संस्था, १९७४ साली सुरू झालेली). तिथे यावीन शाहम यांच्या लॅबमध्ये मार्को वेनिरो नावाचा पोस्टडॉक (म्हणजे पीएचडीनंतर सीनियरच्या हाताखाली संशोधन करणारा) होता, त्याने २०१८ मध्ये एक प्रयोग छापला. एक दांडा दाबला की ड्रग, दुसरा दाबला की दार उघडतं आणि पलीकडच्या उंदरासोबत थोडा वेळ मिळतो. उंदरांनी जवळजवळ सगळ्यांनी सोबत निवडली, ड्रगची सवय लागलेल्यांनीसुद्धा. त्याआधी वर्षानुवर्षं बहुतेक प्रयोगांत उंदीर पेटीत एकटाच असायचा आणि त्याच्यासमोर ड्रग सोडून दुसरं काही फारसं नसायचं. नव्या माणसाने तोच प्रयोग थोडा वेगळा मांडला, आणि मुख्य म्हणजे लॅबच्या सीनियरने तो मांडू दिला.

आता हे मांडू देणं किती महत्त्वाचं असतं त्याची जुनी गोष्ट आहे आणि ती पूर्ण गोड नाही. १९७२ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सॉलोमन स्नायडर यांच्या लॅबमध्ये कँडेस पर्ट नावाची २६ वर्षांची पीएचडीची विद्यार्थिनी होती. मॉर्फीन मेंदूत नेमकं कुठे चिकटतं हे शोधायचं काम होतं. मॉर्फीनसारख्या औषधाला किरणोत्सारी लेबल (म्हणजे ते कुठे चिकटलं ते मोजता यावं अशी खूण) लावून बघितलं तर काही हाती लागेना. मग तिने उलटं केलं, मॉर्फीनचा परिणाम उतरवणारं नॅलोक्सोन घेतलं, त्याला लेबल लावलं, आणि ते मेंदूच्या पेशींना चिकटलं. १९७३ मध्ये पेपर आला, आणि मेंदूत अफूवर्गीय पदार्थांसाठी खास जागा असते हे दाखवणारा तो पहिल्या काही पेपरांपैकी एक ठरला (त्याच वर्षी न्यूयॉर्क आणि स्वीडनमधल्या दोन गटांनीही तेच दाखवलं). त्यातून पुढे प्रश्न आला की आपल्या मेंदूत अफूसाठी जागा असायचं कारणच काय, म्हणजे शरीर स्वतः असं काहीतरी बनवत असणार, आणि १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी ते शोधूनही काढलं. १९७८ साली वैद्यकीय संशोधनातला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला स्नायडर, ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांना. पर्टचं नाव नव्हतं. तिने जाहीरपणे आक्षेप घेतला, बराच वाद झाला.

तुम्ही म्हणाल विद्यार्थ्याचं श्रेय गुरूला जाणं यात नवीन काय, सगळीकडे तेच चालतं. पण म्हणूनच आता चांगल्या ट्रेनिंग प्रोग्रॅममध्ये पेपरवर कुणाचं नाव कुठल्या क्रमाने येणार हे काम सुरू व्हायच्या आधी बोलून घ्यायला शिकवतात, एका गाइडऐवजी दोन-तीन जणांची कमिटी देतात, म्हणजे एकाशी बिनसलं तर जायला दुसरं दार राहतं. हे छोटं वाटतं. ज्यांनी एकाच गाइडच्या मर्जीवर पीएचडी काढलीय त्यांना विचारा किती मोठं आहे ते!

बरं, लॅब झाली. माणसांत बसणं म्हणजे काय? इथे केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टनला जावं लागेल. १९३५ मध्ये तिथे सरकारने एक प्रचंड जागा उघडली, अर्धं हॉस्पिटल आणि अर्धा तुरुंग, लोक तिला नार्कोटिक फार्म म्हणायचे. व्यसनात अडकलेले कैदीही तिथे असायचे आणि स्वतःहून आलेले पेशंटही. तिथल्या रिसर्च सेंटरमध्ये व्यसनशास्त्राची जवळजवळ पहिली अख्खी पिढी तयार झाली. एब्राहम विक्लर नावाच्या डॉक्टरांनी तिथे एक गोष्ट टिपली, की कित्येक महिने ड्रग्ज बंद असलेली माणसं ग्रुपमध्ये बसून जुन्या दिवसांबद्दल बोलायला लागली की जांभया द्यायची, त्यांच्या नाकाडोळ्यांतून पाणी यायला लागायचं, म्हणजे अंगात ड्रगचा अंशही नसताना ते सुटल्यावर होणारा त्रास सुरू! त्यावरून त्यांनी मांडलं की जागा, माणसं, आठवणी यांचाच शरीराला लळा लागलेला असतो, म्हणून बरा होऊन माणूस आपल्या जुन्या गल्लीत परत गेला की घसरतो. नंतर त्यांनी हे उंदरांवर तपासलं. आज ज्याला आपण ट्रिगर म्हणतो तो विचार असा माणसांसमोर बसून आलाय, आधी माणूस आणि मग उंदीर.

पण त्याच लेक्सिंग्टनला जे झालं ते शिकवल्याशिवाय कुणाला या क्षेत्रात सोडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे प्रयोग कैद्यांवर व्हायचे, आणि प्रयोगात भाग घेतल्याचा मोबदला म्हणून काही जणांना चक्क ड्रग्जच दिली जायची. व्यसनमुक्तीसाठी ठेवलेल्या माणसाला! तिथलेच डॉक्टर हॅरिस इस्बेल यांच्या एलएसडी या भ्रम आणणाऱ्या ड्रगच्या प्रयोगात काही कैद्यांना सलग ७७ दिवस एलएसडी दिलं गेलं. सही घेतलेली असायची, म्हणजे कागदोपत्री संमती होती, पण तुरुंगात असलेला आणि तलफ लागलेला माणूस नाही कसं म्हणणार हो? १९७५ मध्ये अमेरिकन सिनेटमध्ये यावर सुनावण्या झाल्या, पुढच्या वर्षी कैद्यांवरचं हे काम थांबलं, ते सेंटर बाल्टिमोरला हललं आणि पुढे नायडाची स्वतःची लॅब झालं, वर वेनिरोच्या प्रयोगात आली तीच. १९७९ मध्ये माणसांवरच्या संशोधनाची तत्त्वं सांगणारा बेलमाँट रिपोर्ट आला. आणि गुंता असा की ब्युप्रेनॉर्फिन हे अफूवर्गीय व्यसनावरचं औषध, जे आज पंजाबातल्या ओट क्लिनिकमध्येही (म्हणजे अशा व्यसनावरच्या सरकारी ओपीडीत) हजारो लोकांना दिलं जातं, त्याच्यावरचं सुरुवातीचं काम याच लेक्सिंग्टनच्या सेंटरमधून आलं. चांगलं आणि वाईट एकाच इमारतीतून आलं, दोन्ही नवीन माणसाला माहीत पाहिजे.

आता अमेरिकेत सरकारी ट्रेनिंग ग्रँटवर असलेल्या प्रत्येकाला संशोधनातल्या नीतिमत्तेचं किमान ८ तासांचं, चर्चा करत घ्यायचं शिक्षण घ्यावं लागतं, करिअरच्या प्रत्येक टप्प्यावर पुन्हा. ८ तासांत काय होतं असं मला आधी वाटायचं, पण व्यसनाच्या क्षेत्रात त्यातले प्रश्न फार जिवंत असतात. समोरचा माणूस नशेत असेल तर त्याची संमती धरायची का? तलफेने थरथरत असेल तर? त्याला भाग घेतल्याचे पैसे रोख द्यायचे की कूपन, कारण रोख दिले तर तो जाऊन तेच विकत घेईल अशी सगळ्यांना भीती असते. यावर तिथे अभ्यास झालेत आणि रोख दिल्याने किंवा रक्कम वाढवल्याने नव्याने ड्रग्ज घेणं वाढलं असं त्यात दिसलं नाही, उलट कूपन देण्यात आपण त्या माणसाला कमी लेखतो हा मुद्दा उरतो. नवीन संशोधकाने अशा वेळी स्वतःच्या भीतीपेक्षा पुराव्याकडे बघायचं असतं.

आणि गुप्तता. कोणी तुम्हाला सांगितलं की मी रोज हेरॉईन घेतो, तर तो तुम्हाला गुन्हा सांगतोय. अमेरिकेत यासाठी एक गोपनीयतेचं प्रमाणपत्र असतं, ज्यामुळे कोर्टसुद्धा संशोधकाकडून भाग घेणाऱ्याची ओळख उघड करणारी माहिती मागू शकत नाही, आणि २०१७ पासून सरकारी आरोग्य निधीवर चालणाऱ्या अशा अभ्यासांना ते आपोआप लागू होतं. आपल्याकडे १९८५ चा एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांचा कायदा आहे ज्यात नुसतं सेवन करणं हाही गुन्हा आहे, त्यामुळे इथे प्रश्नावली घेऊन फिरणाऱ्याने नावं कुठे लिहायची, कुठे नाही लिहायची, फोनमध्ये काय ठेवायचं, हे शिकणं म्हणजे समोरच्याला तुरुंगापासून वाचवणं आहे.

आता पैशाचा भाग, जो कंटाळवाणा वाटतो पण सगळं त्याच्यावरच उभं आहे. अमेरिकेत हे टप्प्याटप्प्याने असतं आणि प्रत्येक टप्प्याला अक्षर आणि आकडा आहे. टी-३२ म्हणजे विद्यापीठाला मिळणारी ग्रँट, एकदा मिळाली की साधारण पाच वर्षांची, आणि मग विद्यापीठ स्वतः विद्यार्थी निवडतं. एफ-३१ पीएचडीच्या विद्यार्थ्याला वैयक्तिक, एफ-३२ पोस्टडॉकला. स्टायपेंड सरकार ठरवतं, २०२४ मध्ये पीएचडीवाल्याला वर्षाला २८,२२४ डॉलर आणि नवीन पोस्टडॉकला ६१,००८ डॉलर होतं. रुपयांत मोठं दिसतं पण बॉस्टन किंवा सॅन फ्रान्सिस्कोला २८ हजारांत भाडं देऊन काय उरतं ते तिथे राहिलेल्यांना माहीत आहे.

मग येतात के ग्रँट, आणि माझ्या मते अख्ख्या व्यवस्थेतली सगळ्यात शहाणी गोष्ट हीच आहे. के-२३ किंवा के-०८ डॉक्टरांसाठी. समजा एक सायकिॲट्रिस्ट आहे, तिला संशोधन करायचंय, पण हॉस्पिटल म्हणतं ओपीडी बघ, वॉर्ड बघ, ड्युटी लाव, उरलेल्या वेळात तुझं संशोधन कर. उरलेला वेळ कधीच उरत नाही. के ग्रँट तिच्या पगाराचा बराच भार उचलते आणि हॉस्पिटलकडून लिहून घेते की तिचा किमान ७५ टक्के वेळ संशोधन आणि शिकण्यासाठी राखीव राहील, तीन ते पाच वर्षं. म्हणजे सरकार तिचा वेळ विकत घेऊन तिलाच परत देतं. आपल्याकडच्या सरकारी मेडिकल कॉलेजमधल्या तरुण लेक्चररला हे वाचून काय वाटेल याचा विचार केला की खरंच वाईट वाटतं, कारण तिच्यात बुद्धी कमी नसते, तिच्या दारात ओपीडीची रांग असते.

शेवटी आर-झिरो-वन, ही स्वतःच्या लॅबची मोठी ग्रँट, आणि ती पहिल्यांदा मिळेपर्यंत सरासरी वय चाळिशीच्या पुढे गेलेलं असतं. पोस्टडॉक आणि या ग्रँटच्या मधली जी दरी आहे तिथे सगळ्यात जास्त माणसं गळतात, खास करून ज्यांना त्याच वयात मुलं होतात, आई-वडील आजारी पडतात, व्हिसा संपतो. ती दरी भरायला २००६ मध्ये के-९९ नावाची योजना आली, त्यात दोन वर्षांपर्यंत गुरूच्या हाताखाली आणि मग नोकरी मिळाली की तीन वर्षांपर्यंत स्वतःची लॅब चालवायला पैसे. अट अशी की पोस्टडॉकची चार वर्षं व्हायच्या आत अर्ज करायचा. आपल्या मुलांनी हे नीट लक्षात ठेवावं असं आहे, कारण टी-३२ आणि एफ वर्गातल्या ग्रँट फक्त अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डवाल्यांना मिळतात, विद्यार्थी व्हिसावर पुण्या-मुंबईहून गेलेल्याला नाही, पण के-९९ ला ती अट नाही. हे बऱ्याच जणांना पोस्टडॉकच्या चौथ्या वर्षी कळतं आणि तोवर उशीर झालेला असतो. म्हणून पहिल्याच वर्षी विचारायचं.

आता गोव्याकडे येऊ, कारण ट्रेनिंग म्हणजे फक्त पीएचडी असं जे डोक्यात बसलंय ते गोव्यातल्या एका कामाने बरंच हलवलं. सांगात नावाची, मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था तिथे १९९६ पासून आहे. अभिजित नाडकर्णी, विक्रम पटेल आणि त्यांच्या टीमने गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक ट्रायल केली, घातक प्रमाणात दारू पिणारे ३७७ पुरुष, आणि त्यातल्या निम्म्यांना समुपदेशन दिलं ते मानसशास्त्राची कसलीही डिग्री नसलेल्या स्थानिक लोकांनी. त्यांना शिकवलं, त्यांची सेशन रेकॉर्ड केली, आणि मग ती सगळ्यांनी मिळून ऐकून एकमेकांना मार्क दिले, कुठे घाई केली, कुठे उपदेश केला वगैरे. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के लोक धोक्याच्या पातळीखाली आले होते, न मिळालेल्यांत २६ टक्के. २०१७ मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. मला यातली रेकॉर्ड ऐकण्याची पद्धत फार आवडते, कारण संशोधक घडवायचा असो की समुपदेशक, आपलंच बोलणं दुसऱ्यांसोबत बसून ऐकणं याच्याइतकं शिकवणारं दुसरं काही नसेल.

आणि मोजणं! हा तर आपल्याकडच्या ट्रेनिंगचा पहिला धडा असायला हवा. जगभर दारूसाठी जी प्रश्नावली वापरतात त्यात विचारतात, पिता त्या दिवशी साधारण किती ड्रिंक होतात? तिथे एक ड्रिंक म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल धरलेलं आहे (अमेरिका स्वतः १४ ग्रॅम धरते, ब्रिटन ८, म्हणजे त्यांच्यातही एकमत नाही). आता आपला माणूस म्हणतो, ‘जास्त नाही हो, एक क्वार्टर.’ नवीन मुलगा फॉर्मवर लिहितो, एक. पण क्वार्टर म्हणजे १८० मिली, बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे ७७ मिली शुद्ध अल्कोहोल, वजनात साधारण ६१ ग्रॅम, म्हणजे सहा ड्रिंक. या प्रश्नावलीत जितकं पिणं जास्त तितके गुण जास्त, म्हणजे त्या एका प्रश्नाला शून्य गुण पडायच्या ऐवजी दोन पडायला हवे होते. स्ट्राँग बियरची ६५० मिलीची एक बाटली म्हणजे चार ड्रिंक. आणि हातभट्टीच्या फुग्यात, मोहाच्या दारूत, गोव्यातल्या काजूच्या ऊर्राकमध्ये किती टक्के आहे हे तर कुठे लिहिलेलंही नसतं, तिथे ग्लास बघावा लागतो, किती जणांत वाटली ते विचारावं लागतं. एका फॉर्मवर ही चूक झाली तर ठीक आहे, हजार फॉर्मवर झाली तर अख्ख्या तालुक्यात दारूचा प्रॉब्लेमच नाही असा निष्कर्ष निघेल आणि त्यावरून बजेट ठरेल.

मिश्रीचंही तसंच. खेड्यातल्या बाईला विचारलं तंबाखू खाता का, तर ती मनापासून नाही म्हणते, कारण ती सकाळी दात घासायला मिश्री लावते, आणि दात घासणं हे काय व्यसन आहे का? मग हळूच विचारलं की दिवसातून किती वेळा लावता, तर कळतं सकाळी, जेवल्यावर, दुपारी काम आटपल्यावर, आणि एखाद्या दिवशी संपली तर डोकं धरतं. तंबाखू भाजून केलेली ती पूड आहे. भारतात २०१६-१७ च्या पाहणीत २८.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरतात असं आलं, त्यात धूर न येणारी तंबाखूच जास्त, २१.४ टक्के. परदेशी प्रश्नावलीत विचारतात उठल्यावर किती मिनिटांत पहिली सिगारेट ओढता, आता हे मिश्रीला आणि विदर्भातल्या तंबाखू-सुपारीच्या खर्र्याला कसं लावायचं, ज्याची एक पुडी चार मित्र दिवसभर मिळून खातात? हे प्रश्न सोडवणं म्हणजे खरंखुरं शास्त्र आहे, आणि ते तिथलाच मुलगा-मुलगी जास्त चांगलं सोडवेल.

अशी माणसं किती लागतील याचा अंदाज केंद्र सरकारच्या २०१९ च्या अहवालावरून येतो. दिल्लीच्या एम्समधल्या व्यसनोपचार केंद्राने तो देशभर पाहणी करून तयार केला होता. १० ते ७५ वयातले १४.६ टक्के लोक म्हणजे सुमारे १६ कोटी दारू पितात, आणि दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांतल्या एकालाच कसले तरी उपचार मिळाले होते. बाकी ३७ जणांपर्यंत पोचायचं कसं, हा एक प्रश्नच अनेक पीएचडींना पुरेल. एम्स, बंगळुरूचं निम्हान्स, चंदीगडचं पीजीआय इथे एमडीनंतर व्यसनोपचारात डीएम ही पुढची पदवी करता येते, पण त्या जागा मोजक्या आहेत आणि त्या फक्त डॉक्टरांना. स्टॅटिस्टिक्सवाल्याला, सोशल वर्कवाल्याला, फार्मसीवाल्याला या विषयात आत घेणारा नीट रस्ता आपल्याकडे अजून अरुंद आहे.

अजून एक दार आहे जे आपण फार कमी उघडतो. पुण्यात मुक्तांगण १९८६ साली अनिल आणि सुनंदा अवचटांनी सुरू केलं, आणि तिथे व्यसनातून बाहेर पडलेली माणसं दुसऱ्यांना सांभाळताना दिसतात हे आपल्याला आता नवीन नाही. मग अशी माणसं संशोधनात का नकोत? अमेरिकेत आता स्वतः व्यसनातून गेलेले लोक पीएचडी करताना दिसतात, काही उघड सांगतात, बरेचसे सांगत नाहीत कारण ग्रँट देणारा किंवा नोकरी देणारा काय म्हणेल ही भीती असते. नायडाच्या प्रमुख म्हणून २००३ पासून वीसहून जास्त वर्षं काम केलेल्या नोरा वोल्को यांनी जाहीर भाषणात सांगितलंय की त्यांच्या आजोबांना दारूचं व्यसन होतं आणि त्यांनी आत्महत्या केली, आणि हे घरात इतकं दडवलं गेलं की वोल्को स्वतः याच विषयावर काम करायला लागल्यावर कित्येक वर्षांनी आईने ते सांगितलं. इतक्या मोठ्या पदावरच्या बाईने हे बोलल्यावर एखाद्या विद्यार्थ्याला किती बळ येत असेल.

ज्यांना यात यायचंय अशी मुलं विचारतात की सुरुवात कुठून करू. माझं उत्तर असं असतं की विषय कुठलाही असू दे, सायकॉलॉजी, बायोटेक, इकॉनॉमिक्स, एमबीबीएस, पण प्रवेश घ्यायच्या आधी ज्यांच्या हाताखाली काम करणार त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना फोन करा आणि तीन गोष्टी विचारा. पेपरवर तुझं नाव आलं का, तुझ्या चुका कुणी आणि कशा दाखवल्या, आणि तू आता कुठे आहेस. त्याच्या जोडीने जवळच्या व्यसनमुक्ती केंद्रात किंवा सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत काही महिने नियमित जाऊन बसा, नोंदी करायला मदत करा, परवानगी घेऊन. स्टॅटिस्टिक्स मात्र टाळू नका, ते आल्याशिवाय बाकीचं सगळं वाया जातं. अर्ज लिहायच्या वेळी या ओपीडीत ऐकलेला एखादा प्रश्न जर तुमच्या वहीत असेल आणि त्याचं उत्तर तुम्हाला कुठल्याच पेपरात सापडत नसेल, तर तोच अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात घाला.